ऐंशी किलोंची दिवाळी

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी बायको कपाटातले लोकरीचे कपडे काढते आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकते. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या दिवसांत पुण्याचं ऊन असं तापतं की कठड्याला हात लावला तर चटका बसतो. त्या उन्हात पसरलेला स्वेटर दिसला की माझ्या घशाला कोरड पडते. बायकोला वाटतं, मला डांबराच्या गोळ्यांचा वास सहन होत नाही. "अहो, आत जाऊन बसा. नाक नाजूक ना तुमचं," असं ती म्हणते. मी आत जातो. चोवीस-पंचवीस वर्षं मी असाच आत जात आलो.

असा स्वेटर मी सुदामच्या अंगावर चढवला होता. एक नाही, दोन. हडपसरच्या कालव्याकडेच्या रस्त्यावर, भर दुपारी.

मी तेव्हा हडपसरच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागात होतो. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून कारखान्याच्या कबड्डी संघाचा मॅनेजरही मीच होतो. सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवर जायचो. मी स्वतः आयुष्यात कबड्डी खेळलेलो नव्हतो. पण संघ जिंकला की मोठे साहेब मला नावाने हाक मारत, आणि मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी एवढंच होतं.

पूर्वी कारखाने खेळाडूंना कायम नोकरी द्यायचे. मग दिवस बदलले. परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली, नवे नियम आले, आणि खेळाडूला वर्षावर्षाचं कंत्राट मिळू लागलं. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत संघ चांगला खेळला तर पुढचं वर्ष, नाहीतर नमस्कार. सुदाम मांजरीचा. घरी ऊस, दोन भाऊ, आणि तिघांना पुरेल एवढी जमीन नाही. बावीस वर्षांचा, डाव्या कोपऱ्यावर खेळणारा. समोरच्या गड्याचा घोटा एकदा हातात आला की सोडायचा नाही. पण अंगाने दांडगा. आणि स्पर्धेचा नियम असा, की खेळाडूचं वजन ऐंशी किलोंच्या वर जाता कामा नये.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सुदाम साडेत्र्याऐंशी भरला.

"सायेब, एवढं कुठनं उतरायचं?" तो म्हणाला.

"उतरवू," मी म्हणालो. जणू भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं होतं.

नव्या परदेशी यंत्रावर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण आलं होतं. भंगारात जाणार होतं. मी त्याला गळ्यापुरतं आणि हातांपुरती भोकं पाडली आणि सुदामला बिनबाह्यांचं जाकीट करून दिलं. वर दोन स्वेटर. तो कालव्याच्या कडेने पळायचा, मी मागून स्कूटरवर. पळून झालं की तो जाकिटाची खालची कड उचलायचा आणि आतून पाणी ओघळायचं. आम्ही हसायचो. तो हसायचा म्हणून मी हसायचो, आणि मी हसायचो म्हणून तो.

पळून झालं की कँटीन. कामगारांना वाटायचा फराळ तिथेच तळला जायचा. सुदामला मी भट्टीजवळ स्टुलावर बसवायचो, घाम यावा म्हणून. समोर चकल्यांचे घाणे निघताहेत, आणि हा गालात चिंच धरून बसलाय. चिंचेने तोंडाला पाणी सुटतं. ते गिळायचं नाही, हातातल्या पेल्यात थुंकायचं. तेवढंच वजन कमी. आचारी म्हणाला, "कुलकर्णीसाहेब, ह्याला अजून अर्धा तास बसवलात तर ह्यालाच टोपलीत काढावं लागेल." सगळे हसले. चकलीचा तो भाजणीचा, तिळाचा वास आजही कुठल्या जिन्यात आला तरी मला आधी तो पेला दिसतो.

आता विचार करतो तेव्हा आश्चर्य वाटतं ते याचं, की यातलं काहीच कोणाला वावगं वाटलं नाही. मोठ्या साहेबांना नाही, खेळाडूंना नाही, सुदामच्या घरच्यांनाही नाही. यंत्राचा एक बोल्ट सैल झाला तर आमच्याकडे लाल कागद चिकटवून यंत्र बंद ठेवत. माणसावर चिकटवायला तसा कागद नव्हता.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. सुदाम ब्याऐंशीच्या खाली यायला तयार नव्हता. भाऊबीज झाली. वजन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

आमच्या आईचे पाय तेव्हा सुजायचे. संध्याकाळी तिच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राही. डॉक्टरांनी तिला लघवीची गोळी लिहून दिली होती, आणि ती घेतली की सूज उतरायची. हे मी महिनोन् महिने पाहत होतो. सूज म्हणजे पाणी, पाणी म्हणजे वजन, असा हिशेब माझ्या डोक्यात जुळला. मला कोणी शिकवलं नाही. ही अक्कल माझी स्वतःची. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी आईच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी खिशात टाकली आणि मांजरीला गेलो.

"हे काय सायेब?"

"पोट हलकं होतं याने. एक आत्ता घे, एक पहाटे."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मी साहेब होतो, चष्मा लावत होतो, पेठेत राहत होतो. त्याने हात पुढे केला.

स्पर्धेचं वजन मैदानाशेजारच्या शाळेत होतं. आयोजकांनी काटा आणला होता मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावरून, पोती तोलायचा. त्याच्या लोखंडी फळीच्या फटींत कांद्याची सालं अडकलेली होती. एकेक खेळाडू चड्डीवर त्यावर उभा राहत होता, आणि काट्याबरोबर आलेला हमाल पोत्याचं वजन सांगावं तसं ओरडून सांगत होता. सुदाम चढला. गाल बसलेले, ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले. मी फक्त काटा पाहिला.

"ऐंशीऽऽ!" हमाल ओरडला. "वर एक कांदाबी ठिवू नका!"

आमच्या पोरांनी त्याला उचलून घेतलं. मीही पाठ थोपटली. पाठ गार लागली, एवढं मला आठवतं.

सामना दुपारी होता. ऊन मैदानावर सरळ पडलेलं. त्याने दोन पेले सरबत घेतलं होतं, ते उलटलं. "खेळशील ना?" मी विचारलं. "खेळणार की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

पहिल्या डावात त्याने समोरच्या चढाई करणाऱ्या गड्याचा घोटा पकडला. काय पकड होती! शिट्टी झाली. टाळ्या झाल्या. मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण सुदाम घोटा सोडेना. पंच म्हणाले, सोड. तो गडी म्हणाला, "अरे सोड की, झालं!" आणि मग तो ओरडला, कारण सुदामची बोटं उघडतच नव्हती. हातांना पेटके आले होते. मग पायांना, मग जबड्याला. दोघांनी मिळून एकेक बोट उकललं. तो तसाच आडवा पडून राहिला, डोळे उघडे, आणि पोटऱ्यांच्या कातडीखाली काहीतरी फडफडत होतं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की गुण तर मिळाला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर एक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मला विचारलं, "काय काय दिलंय याला?"

"काही नाही. उपास, पळणं."

"औषध?"

"नाही."

त्या आत गेल्या. मी बाकावर बसलो. खिशात पट्टी होती. बसताना ती मोडल्याचा बारीक आवाज आला, आणि मला वाटलं की सगळ्या व्हरांड्याने तो ऐकला. आतून सुदामचा आवाज येत होता, शब्द नसलेला. मी किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. समोर एक बाई डब्यातून करंज्या वाटत होती. तिने मलाही एक दिली. ती करंजी हातात धरून मी आत गेलो आणि दुसऱ्या हाताने पट्टी पुढे केली.

डॉक्टरांनी नाव वाचलं. मोकळी दोन घरं मोजली. "कुणाच्या?"

"आईच्या."

"वा. म्हणजे आज दोन पेशंट केलेत." एवढं म्हणून त्यांनी नर्सला हाक मारली, सलाइनमध्ये काय घालायचं ते सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं. मग परत माझ्याकडे वळल्या. "आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आत्ता सांगितलंत, हेही बरंच. हृदयावर गेलं असतं त्याच्या."

अंधार पडायच्या सुमाराला सुदामने हाताची मूठ वळवली आणि उघडली. पुन्हा वळवली, उघडली. मी ते पाहत उभा होतो. डॉक्टर जाता जाता म्हणाल्या, "कशाने झालं हे त्याला कळायला हवं. तुम्ही दिलीत, तुम्हीच सांगा."

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांगायलाच गेलो होतो. सुदाम उशाला टेकून बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सायेब, माझंच चुकलं. भाऊबीजेला ताईकडं दोन लाडू खाल्ले. तिनं लई आग्रह केला. तुमाला सांगितलं न्हाई. उपाशी पोटात एकदम गोड गेलं, त्यानंच झालं हे सगळं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी म्हणालो, "जाऊ दे. विसर आता."

म्हणजे मी त्याला माफ केलं. त्याने न केलेल्या चुकीबद्दल, मी केलेल्या चुकीसाठी, मी त्याला माफ केलं, आणि तो माझे उपकार मानून हसला.

त्याचं कंत्राट अर्थातच पुढे गेलं नाही. पुढे कारखानाही राहिला नाही. त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि नशीब असं की त्यातल्याच एका आयटी कंपनीत मला कर्मचारी विभागात काम मिळालं. तिथे माझं काम काय, तर मुलांच्या माना दुखू नयेत म्हणून खुर्च्यांची उंची पाहणं, दर तासाला उठा म्हणून आठवण करणं, आगीची रंगीत तालीम घेणं. "सर, तुम्ही किती काळजी करता हो!" असं एक मुलगी मला म्हणाली होती. मी त्या दिवशी डबा न खाता परत आणला.

सुदामने मांजरीला उसाच्या रोपांची नर्सरी काढली. शेतं गेली आणि सोसायट्या आल्या, तशी उसाच्या जागी कुंड्यांतली शोभेची झाडं आली. त्याचं बरं चाललं. आणि दर वर्षी तुळशीच्या लग्नाला तो आमच्याकडे ऊस घेऊन यायचा. पाच ऊस, शेंड्यासकट. आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी जोशी राहतात, ते दर वर्षी विचारायचे, "लग्न तुळशीचं आहे की हत्तीचं?" सुदाम हसायचा, मला वाकून नमस्कार करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. दर वर्षी मी ठरवायचो, या वेळी सांगायचं. दर वर्षी चहा संपायचा. त्याच्या नमस्काराचं ओझं मला त्या पाच उसांपेक्षा जड व्हायचं. पण माणसाला ओझ्याची सवय होते, हे मी स्वतःवरून सांगतो.

या वर्षी तो आला तेव्हा दारातूनच घाईत होता.

"सायेब, ऋतुजाचं काम हाय."

ऋतुजा त्याची लेक. वीस वर्षांची. बालेवाडीला एका नव्या व्यावसायिक संघाच्या शिबिरात तिची निवड झाली होती. हे त्याने मागेच फोनवर सांगितलं होतं, आणि मी मनापासून अभिनंदन केलं होतं. तीही डाव्या कोपऱ्यावरच खेळते.

"परवा वजन हाय आन् दीड किलो जास्त भरतंय. ती तुमची गोळी हवी हुती. पोट हलकं करायची. मी तिला काल सकाळीच सांगून ठेवलंय, पाणी बंद कर, सायबांकडनं गोळी घेऊन येतो. लाडू तर मी घरात करूच दिलं न्हाईत."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मला आठवतं की मी आधी खिडकी बंद केली. का, कोण जाणे. मग मी बसलो आणि सांगितलं. आईचे पाय, डबा, पट्टी, दोन मोकळी घरं, डॉक्टरांना मारलेली थाप, बाक. सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

 सुदामने विचारलं, "म्हंजी लाडवाचं नव्हतं?"

"नव्हतं."

"तवापास्नं मी ताईकडं लाडू खाल्ला न्हाई, सायेब. दर भाऊबीजेला ती रडती. म्हणती, माझ्या हाताला काय झालंय?"

 

मग एकदम त्याने फोन काढला. ऋतुजाला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "पाणी बंद केलंय तिनं," तो स्वतःशीच म्हणाला आणि उठला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी चप्पल शोधू लागलो.

"तुम्ही नका येऊ."

"सुदाम..."

"राग हाय माझा. लई हाय. जाईल तवा जाईल. आत्ता मध्ये नका येऊ."

जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज खाली गेला. मोटारसायकल सुरू झाली. ऊस भिंतीला टेकून तसेच राहिले.

आता जे लिहितो ते विचित्र वाटेल. पोरीची काळजी मला पोखरत होती. सदाशिव पेठेतून बालेवाडी, त्यात संध्याकाळची गर्दी. मी मनातल्या मनात प्रत्येक सिग्नलला थांबत होतो. पण त्या काळजीच्या खाली कुठेतरी मोकळं वाटत होतं. त्याने मला नमस्कार केला नव्हता. तो माझ्यावर चिडला होता, माझ्याच चुकीबद्दल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांत जे होतं ते खरं होतं.

बायकोने गार झालेला चहा उचलला. "त्या पट्टीसाठी मी तेव्हा तीन कपाटं उपसली होती," ती म्हणाली. "आईंना वाटलं, मीच टाकली." बस, एवढंच. आत जाऊन तिने दुसरा चहा टाकला, आणि दोघांसाठी टाकला.

साडेसातला फोन आला. "भेटली. ठीक हाय. ठेवतो." मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो.

बाकीचं मला दोन दिवसांनी कळलं. वजनाच्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे बरीच गडबड होती, शिट्ट्या, मुलींचे आवाज. सुदामचा आवाज अजून जरा ताठच होता, पण बोलत होता. म्हणाला, तिथे दर सकाळी फिजिओबाई प्रत्येकीला किती पाणी प्यायलीस ते विचारते. तो आमच्याकडे आला त्या दिवशी सकाळी ऋतुजाने खोटं सांगितलं होतं. पण चक्कर आली आणि तिने स्वतःच जाऊन खरं सांगितलं. हा पोचला तोवर तिला पाणी पाजून झालं होतं. "मग त्या बाईनं मला बाहेर हुबं केलं आन् असं झाडलं, सायेब, पोरीदेखत! म्हणाली, इथं कुणी पोरीला उपाशी ठेव म्हणालं तर तक्रार कुठं करायची, त्याचा नंबर खोलीच्या दारामागं लावलाय. आन् पहिली तक्रार बापाची आली."

"आणि वजन?"

"भरलं जास्तच. नऊशे ग्रॅम. पहिल्या दोन सामन्यांना बसवलीय. नाव काढलं न्हाई, नुसती बसवलीय. हळूहळू उतरवू म्हणाल्या, महिन्याभरात." तो थांबला. "मला वाटलं हुतं, माझं काळीज फुटंल ती बाहेर बसली तर. पण कायबी झालं न्हाई. बाकावर बसून केळं खातीय. धरा, ती बोलायचं म्हणती. चिडलीय."

"काका," ऋतुजाचा आवाज आला, "तुम्ही पप्पांना काय सांगितलंत? सीरियसली, दोन दिवस झाले, दर अर्ध्या तासाने फोन. पाणी प्यायलीस का, पाणी प्यायलीस का. मुली हसतात हो मला!"

"मग काय सांगतेस त्यांना?"

"सांगते की प्यायले."

"प्यायलीस का पण?"

"काका, आता तुम्ही पण?"

"हो. मी पण."

ती वैतागून काहीतरी पुटपुटली. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. फोन तसाच चालू होता. त्या सगळ्या शिट्ट्यांच्या आणि आरडाओरड्याच्या मधून मला तिचे घोट ऐकू येत होते, एकामागून एक, आणि बाटली संपेपर्यंत मी फोन कानाशी धरून उभा राहिलो.